सरळ केलेलं चर्च

अजूनही आठवलं की डोकं सणकतं माझं. दोन हजार सतरा साल, कॅनडातलं एडमंटन. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी नोकरीला होते आणि आमच्याकडे फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या चर्चचं काम आलं होतं. आठ-नऊशे वर्षांचं चर्च. त्यावर नवीन लाकडी छप्पर घालायचं होतं. तिकडच्या लोकांनी लेझरने मापं घेऊन पाठवली, त्यावरून नकाशा मी काढायचा. बाहेर उणे तीस, आणि मी दिवसभर त्या जाडजूड भिंतींत.

पंधरवड्यात चर्च मला पाठ झालं. आधी मागचा अर्धगोल गाभारा बांधलेला, बारक्या ओबडधोबड दगडांचा. पुढचं लांब दालन शंभरेक वर्षांनी जोडलेलं, मोठ्या घडीव दगडांचं. मध्ये खडक लागला असणार, कारण गवंड्यांनी दालन चक्क तिरकं वळवून घेतलं होतं. वर छपराखाली ओळीने दगडात कोरलेली तोंडं: जीभ काढणारा माणूस, डुक्कर, दाढ दुखणारी बाई. काय मिश्कील लोक असतील!

साहेबांनी नकाशा पाहिला. "हे वाकडं कसं? स्कॅनची चूक आहे. सरळ कर." मी सांधा दाखवला, दगड कुठे बदलतात ते दाखवलं. त्यांनी वर मान करून बघितलंसुद्धा नाही. चर्च सरळच असतं, म्हणे! कधी गेला होतास रे बाबा तिथे?

घरी येऊन मी थयथयाट केला. नवरा म्हणाला, "अगं, पीआरसाठी त्यांचं पत्र लागणार आहे. ते हातात पडेपर्यंत जरा तोंड आवर." त्याचं तरी काय चुकलं? आमचं दोघांचं इथलं कायमचं राहणं त्या एका पत्रावर अडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते वळण काढून टाकलं. पाच मिनिटं लागली.

उन्हाळ्यात तिकडून मेल आली. नकाशाबरहुकूम कापलेल्या तुळया भिंतीवर बसेनात. एका बाजूची कोरीव तोंडं आड येत होती, म्हणून कामगारांनी ती छाटून टाकली. सोबत फोटो होता. दाढ दुखणारी बाई गेली होती. तिच्या जागी नुसता पांढरा, ताजा दगड.

मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "मापं हिने बदलली." चोर तो चोर, वर शिरजोर! मेल्या, तूच सांगितलंस ना? हे सगळं अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी काय म्हणाले? "हो, माझी चूक झाली. सॉरी."

गप्प बसल्याचं बक्षीस असेल, पत्र त्याच आठवड्यात मिळालं. कामात अत्यंत काटेकोर, बारीकशी चूकही हिच्या नजरेतून सुटत नाही, असं साहेबांनी सहीनिशी लिहिलं होतं. फाडून त्यांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. तशीच घरी आले, पत्रावरची घडी हाताने नीट केली आणि अर्जाला जोडलं.