हाताची उशी

जुन्या ऑफिसातली माणसं भेटली की किस्से निघतातच. आमच्यात कुणीतरी पर्समधून डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स काढतं, मान मागे टाकतं, आणि दुसरं कुणी म्हणतं, "कर्णिकांची आठवण झाली बघ." मग एकातून एक सुरू. दर भेटीला एखादा नवा निघतो आणि सगळे हसतात. मी हसत नाही. मला अजून राग येतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट हेडफोन लावून ऐकायचे आणि टाईप करायचे, हे आमचं काम. ऑफिस एरंडवण्यात, शिफ्ट सकाळी सहा ते दुपारी तीन. अकरा वाजता अर्धा तास जेवणाची सुट्टी. दहा मिनिटांत डबा संपवायचा आणि वीस मिनिटं झोपायचं. कुठे? डेस्कवर. हात आडवा, त्यावर तोंड, आणि डोळा सरळ मनगटावर दाबलेला. उठलं की दहा मिनिटं समोरचा स्क्रीन धुक्यात.

माझ्या शेजारी वैशाली वानखेडे बसायची. अकोल्याची, वारज्याला पाच मुलींबरोबर एका खोलीत राहायची. ट्यूबलाईट बरोबर तिच्या पलंगावर, आणि कुणी ना कुणी अभ्यासाला बसलेलं, म्हणून घरीही ती उशीत तोंड खुपसून पालथीच झोपायची. ऑफिसात उजवा हात उशाला. उठली की उजवा डोळा चोळत बसायची.

एके दिवशी अशीच उठून तिने रिपोर्ट टाईप केला आणि हायपरटेन्शनचं हायपोटेन्शन झालं. म्हणजे वाढलेला रक्तदाब आम्ही बसल्या जागी कमी करून टाकला. तपासणाऱ्या मुलीने चूक पकडली म्हणून बरं. पण कर्णिकसाहेब, आमचे मॅनेजर, सगळ्यांसमोर वैशालीला म्हणाले, "लक्ष कुठे असतं?" ती म्हणाली, "सर, लक्ष आहे. दिसत नाही."

त्यांना वाटलं, उलट बोलतेय.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नोटीस लागली. ती मला अजून पाठ आहे. 'कर्मचाऱ्यांनी डेस्कवर डोके ठेवू नये. डेस्क कामासाठी आहे. डोकेही.'

लोक आजही या नोटिशीला दाद देतात. काय पुणेरी आहे म्हणतात! मी त्या दिवशी भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपले आणि मान आठवडाभर वाकडी घेऊन फिरले. त्याला कुणी दाद दिली नाही.

*

नसीमभाई आमच्यात सगळ्यांत मोठे. येरवड्याचे, पन्नाशी उलटलेली, आधी वीस वर्षं टायपिंग शिकवलेलं. त्यांनी रीतसर अर्ज केला. मागच्या स्टोअररूममध्ये रिकामी खोकी आहेत, ती एका बाजूला लावतो, चटई माझी मी आणतो, सुट्टीत लोकांना पाठ टेकता येईल.

कर्णिकांनी त्यांना बोलावून सांगितलं, की हे ऑफिस आहे, धर्मशाळा नाही.

नसीमभाई शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे साहेब. धर्मशाळेत पाठ टेकायला देतात."

तरी त्यांनी चटई आणली. चार दिवस आम्ही पाळीपाळीने आडवे झालो. उताणं झोपून उठलं की डोळे कसे लख्ख उघडतात, हे मला त्या चार दिवसांत कळलं. पाचव्या दिवशी वॉचमनने चटई गेटवर जमा केली. साहेबांची ऑर्डर.

त्याच आठवड्यात मी सुट्टीत सहीसाठी कर्णिकांच्या केबिनमध्ये गेले. साहेब सोफ्यावर उताणे, डोक्याखाली मऊ उशी, डोळ्यांवर विमानात मिळते तसली काळी पट्टी. पट्टी वर करून जरा ओशाळले आणि म्हणाले, "डोळ्यांना विश्रांती लागते हो, या वयात."

त्यांचं वय अडतीस होतं.

*

मग कंपनीने फुकट नेत्रतपासणी ठेवली. वेळ सकाळी सातची. ताज्या डोळ्यांनी सगळ्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. वैशालीने डॉक्टरांना विचारलं, की तुम्ही जेवणाच्या सुट्टीनंतर थांबाल का. ते भले गृहस्थ, थांबले. साडेअकराला तिला उजव्या डोळ्याने वरची मोठी अक्षरं तेवढी लागली.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुम्ही झोपता कशा?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला. त्यांनी आमच्यातल्या तिघाचौघांना झोपून दाखवायला लावलं आणि कागदावर लिहून दिलं, की डोळ्यावर दाब पडेल असं हातावर तोंड ठेवून झोपू नये, पाठीवर झोपावं, डोळे चोळू नयेत. वैशालीला मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं.

तो कागद कर्णिकांनी वाचला, घडी घातली आणि आम्हाला म्हणाले, "म्हणजे झोपू नये, असंच लिहिलंय."

*

हॉस्पिटलात कळलं, की वैशालीच्या उजव्या बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे आला होता. मी तिच्याबरोबर गेले होते. नुसतं झोपण्यामुळेच झालं असं सांगता येणार नाही, पण तो दाब आणि ते चोळणं आधी बंद करा, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी निक्षून सांगितलं. तेव्हापासून त्या डोळ्याला कडक लेन्स लागते. बाहेर रिक्षात ती मला म्हणाली, "घरी नको सांगू. मले परत बोलावतील."

आठच दिवसांत कर्णिकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिनची भिंत म्हणजे छातीएवढं प्लायवूड आणि वर काच, त्यातलीही एक सरकलेली. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. कर्णिक फार गोड बोलत होते. डोळ्याची काळजी घ्या, गावी आराम करा, इथे फक्त सही करा.

वैशाली म्हणाली, की लेन्स अजून बसली नाही, बारीक अक्षर लागत नाही, तुम्हीच वाचा.

कर्णिकांनी वाचलं. 'मी माझ्या प्रकृतीच्या कारणास्तव, स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय राजीनामा देत आहे.'

आमच्यापैकी कुणीच टाईप करत नव्हतं. नसीमभाईंनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला होता.

"सर," वैशाली म्हणाली, "लिहिलं तुम्ही, वाचलं तुम्ही. आता सहीपण तुम्हीच करून टाका."

ती बाहेर आली, खुर्ची पुढे ओढून बसली आणि हेडफोन लावून तीन वाजेपर्यंत टाईप करत राहिली.