राणीची दाढ

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर पेन हातात धरलं ते सहीपुरतंच. नलूताई असत्या तर लाल पेननं सगळं नीट करून दिलं असतं... त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला. त्या सकाळी मी त्यांच्यासाठी डब्यात उपमा भरत होते आणि त्यांच्या लेकीचा फोन आला. डबा तसाच ओट्यावर राहिला.

मुलाकडे परदेशात, रिचमंड हिलला आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर नलूताई राहायच्या. मूळ नागपूरच्या, इथल्या कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. एका सम्राज्ञीच्या दरबारात राहिलेल्या परदेशी वकिलांची जुनी पत्रं त्या भिंग लावून वाचत आणि मला मराठीत सांगत. हे वकील म्हणजे दुसऱ्या राजांनी पाठवलेली माणसं. राणी आज कुणाकडे बघून हसली, कुणाला जवळ बसवलं, कुणाला ताटकळत ठेवलं, सगळं आपल्या देशात कळवायची. मी म्हणायची, "ताई, हे तर लग्नात मानपान मोजणारे व्याही!" त्यावर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या.

एका हिवाळ्यात माझी सून मृणाल एकाएकी बोलेनाशी झाली. दिवसभर खोलीचं दार बंद, जेवणाचं ताटही आत. मी गावाकडे बहिणीला फोनवर सांगायची, सुनेला मी नकोशी झालेय. शेवटी बॅग भरली. मुलाला तिकीट काढायला सांगायचं ठरवलं आणि आधी ताईंचा निरोप घ्यायला गेले.

"काहून चाललीस? ती काही बोलली का तुला?"

"काहीच बोलत नाही. म्हणूनच तर."

ताईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, "एका वकिलाशी राणी भेटीत एक शब्द बोलली नाही. यानं लगेच कळवलं, राणी आपल्यावर रुसली, आता तह मोडला समजा. तिकडे लढाईच्या गोष्टी सुरू. नंतर दुसऱ्याच्या पत्रातून कळलं, त्या दिवशी बाईची दाढ दुखत होती."

"मग त्यानं विचारलं का नाही?"

"दरबारात राणीला कोण विचारणार? तुझ्या घरी दरबार भरतो का गं?"

मी वर आले. स्वभाव भिडस्त, मृणालच्या दाराशी बराच वेळ नुसती उभी राहिले. दार वाजवलं, पण काय बोलावं सुचेना... तोंडातून तेच निघालं, "मृणाल, दाढ दुखते का गं?" तिनं दार उघडलं. मग एकदम रडायला लागली. तिची नोकरी गेली होती. "आई, तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंय, सून मोठी इंजिनिअर आहे म्हणून. तुम्हाला कसं सांगू?" त्या दिवशी आम्ही दोघी एका ताटात जेवलो. बॅग मी स्वतःच्या हातानं रिकामी केली.

पुढं तिला दुसरी नोकरी लागली. नलूताई तिला "या राणीसाहेब" म्हणायच्या आणि ती बर्फातून जाऊन त्यांची औषधं आणायची. माझं घर ताईंनी राखलं. हे त्यांच्यासमोर कधी बोलले नाही, म्हणून इथं लिहिते.

त्या गेल्या त्या दिवशी मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. मृणाल मीटिंग सोडून बाहेर आली. ओट्यावरचा डबा तिनं उघडला, दोघींसाठी दोन चमचे घेतले आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, दाढ दुखते का?"

"हो गं," मी म्हटलं, "फार दुखते..."