पदराखालची ठिणगी

हे गेल्यापासून यांची स्कूटर बंदच होती. पोरं म्हणाली, मोडीत काढू. मी मात्र ती टेम्पोत घालून लातूरला आणली, तिचा काळा पडलेला प्लग घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "याच मापाचा द्या." प्लगला अजून पेट्रोलचा वास येत होता.

त्या वासानं मला चाकूरच्या रस्त्यावर नेलं. नवीन लग्न, भर दुपार आणि बंद पडलेली स्कूटर. यांनी प्लग काढून घासला, इंजिनला टेकवला आणि म्हणाले, "उन्हात ठिणगी दिसंना गं. पदर धर जरा." मी सावली केली. यांनी हातानं किक दाबली. आमची दोघांची डोकी एका पदराखाली, आणि एसटीतली माणसं खिडकीतून बघून हसत होती. लाजेनं मी अर्धमेली झाले होते. तेवढ्यात निळी ठिणगी उडाली. "अहो, पडली!" मी ओरडलेच.

दुकानाबाहेर मिस्त्री नवा प्लग स्कूटरच्या इंजिनला टेकवून बसला होता. "काकू, ऊन लई हाय, ठिणगी दिसंना."

मी पदर धरला. त्यानं किक दाबली. तशीच निळी ठिणगी.

"अहो, पडली!"

मिस्त्रीनं चमकून वर बघितलं. मी तोच पदर डोळ्यांना लावला.