भाच्याच्या पायाशी ठेवलेली बंदूक

माझ्या मामांकडे बारा बोरची एकनळी बंदूक होती. मामा म्हणजे आईच्या पाठचा भाऊ. त्यांचं गाव बाघ नदीच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यात. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या माझ्या घरापासून मोटारसायकलनं तासाभरात पोचतो. दोन्हीकडची नाती एक, बोलणं जवळजवळ एक, बांधीत लावायची भाताची वाणंही तीच. राज्य मात्र दुसरं. लग्नकार्यात, मर्तिकात ही हद्द कधी आडवी आली नाही. बंदुकीच्या बाबतीत आली.

परवाना शेताच्या राखणीचा होता, माझ्या आजोबांच्या काळापासूनचा. लोंबीत दूध भरलं की जंगलातून रानडुकरं उतरत. मामा धुऱ्यावर उभे राहून हवेत एक बार काढत आणि घरी येऊन झोपत. एवढाच तिचा उपयोग. मामी म्हणायची, "साऱ्या जिंदगीत एक ससा नाई मारला, अन् ऐट पाहा, जसे जंगलचे राजे." मामांचं उत्तर ठरलेलं असायचं, "ते मारायले नाई, वाजवायले हाय. तुह्या तोंडासारखी."

मामांनी पंचाहत्तरी ओलांडली आणि त्यांना दम लागायला लागला. त्यांना एकच मुलगी, ती रायपूरला. जावयानं स्वच्छ सांगितलं होतं की फ्लॅटमध्ये बंदूक नको. परवानाधारक गेला आणि घरात कोणी घेणारा नसला की बंदूक ठाण्याच्या मालखान्यात जाते. शेजारच्या गावातली एक तशी गेलेली मामांनी पाहिली होती. माझी सालेकसा तालुक्यात जंगलाला लागून तीन एकर धानाची जमीन आहे. मामांनी मनाशी ठरवलं की बंदूक भाच्याला द्यायची, आणि आपण असताना द्यायची.

आमच्याकडे भाच्याचा मान काय असतो ते सांगायला हवं. इथे मामा वयानं कितीही मोठा असला तरी भाच्याच्या पाया पडतो. बहीण नांदायला गेली की माहेरच्या शेतावरचा तिचा हक्क बहुतेक घरांत कागदावरून सुटतो. मान तेवढा राहतो आणि तो तिच्या लेकराकडे येतो. भाच्याला दिलेलं देवाला वाहिल्यासारखं. ते परत घेणं म्हणजे पाप. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण मामांनी हे कधी सोडलं नाही. लहानपणी ते पाया पडले की मला गंमत वाटायची. पन्नाशीत लाज वाटते.

त्या वर्षी दसऱ्याला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. ओसरीवर नांगर, विळे, कुऱ्हाड आणि बंदूक मांडून पूजा झाली. मग मामीनं पाट टाकला, मला बसवलं, मामांनी परातीत माझे पाय धुतले, टिळा लावला आणि बंदूक उचलून माझ्या पायाशी ठेवली. वर नारळ. गावातली चार माणसं बसलेली होती. मामा वाकून पाया पडले आणि म्हणाले, "आजपासून तुही. घेऊन जाय घरी."

मी राईस मिलमध्ये हिशेब पाहतो. कागदाशिवाय माल हलवायचा नाही, हे माझ्या अंगात भिनलेलं आहे. माझ्याकडे परवाना नव्हता. ती बंदूक पिशवीत घालून मी पूल ओलांडला असता तर तो गुन्हा होता, माझा आणि मामांचाही.

"मामा, आज नाही नेता येणार," मी म्हणालो. "आधी माझा परवाना व्हायला पाहिजे. मग इथल्या जिल्ह्याची ना-हरकत. मग राज्याबाहेर नेण्याची परवानगी."

"मंग ते कर ना. कोण नाई म्हणते? बंदूक तर घेऊन जाय."

"तेच तर चालत नाही. तोवर तुमच्याकडे ठेवा."

मामांचा चेहरा उतरला. "माह्याकडे? लेक सासरी पाठवली अन् संध्याकाळी परत आणून घरात बसवली, असं करते का कोणी?"

शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "पोरगा सरकारी बोलून राहिला. कायले अडवता?"

"सरकारी बोलू दे. पण माह्या घरात ते आता राहणार नाई."

अशी त्या बंदुकीची अवस्था झाली. मी नेऊ शकत नव्हतो आणि मामा ठेवून घेत नव्हते. शेवटी त्याच संध्याकाळी मामांचा परवाना बरोबर घेऊन आम्ही ती त्यांच्या ठाण्यात जमा केली. धोतराला हळदीकुंकवाचे डाग असलेले मामा पाहून मुंशी, म्हणजे ठाण्यातला लिहिणारा हवालदार, हसला. "दादाजी, दशहरे में लोग हथियार निकालते हैं, आप जमा करा रहे हो?" पावतीवर सही करताना मामांनी बंदुकीकडे पाहिलं नाही.

पुढचे महिने माझे गोंदियाच्या कचेरीत गेले. मामा हयात आणि मी त्यांचा मुलगा नव्हे, त्यामुळे वारसाची सोपी वाट माझ्यासाठी नाही असं कारकुनानं सांगितलं. नवा अर्ज, सातबारा, पिकाच्या नुकसानीचे पंचनामे, डॉक्टरचा दाखला, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा शेजाऱ्यांनी बायकोला विचारलं, काय झालं, कोणी पळून गेलं का? ती वैतागून मला म्हणाली, "लोकायचे मामे सोन्याचा गोफ देतात. तुमच्या मामानं पोलीस देले." मी कुठेही कोणाला चहापाणी दिलं नाही, म्हणून वेळ लागला असं काही जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. मधे निवडणूक आली, आचारसंहितेत सगळं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

माझा परवाना मंजूर झाल्याचं पत्र उन्हाळ्यात मिळालं. ते घेऊन मी पलीकडे ना-हरकतीसाठी गेलो. तिथल्या बाबूनं फाइल चाळली आणि मामांच्या परवान्यावर बोट ठेवलं. त्याची मुदत महिनाअखेर संपत होती. आधी नूतनीकरण करा, मग पुढचं. त्यासाठी मामांनी बंदूक ठाण्यातून स्वतः सोडवायची, तपासणीला हजर करायची आणि ती आपली असून आपल्या ताब्यात आहे असं लिहून द्यायचं. मुदतीत झालं नाही तर हस्तांतराचा प्रश्नच उरत नव्हता.

मी तसाच मामांकडे गेलो. ते खाटेवर होते. चार वाक्यं बोलली की थांबावं लागत होतं. मी सगळं समजावून सांगितलं.

"भाच्याच्या पायावर ठेवलेली वस्तू माही हाय म्हणून लिहून देऊ?"

"मामा, नाही दिलं तर ती सरकारात जाईल."

"जाऊ दे. माह्यं देणं तर झालं."

"नाही झालं. माझ्या घरी ती आलीच नाही तर काय झालं?"

हे मी जरा जोरानंच बोललो. मामांनी भिंतीकडे कूस वळवली. त्यांच्या पाठीचे मणके बंडीतून मोजता आले असते. त्यांचं म्हणणं मला खोटं पाडता येत नव्हतं, आणि कायदाही. पण त्यांचं देणं आपल्या डोळ्यांसमोर अर्धवट राहणार, एवढं त्यांना कळलं होतं.

मी सैपाकघरात जाऊन बसलो. मामी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुले हिशेब येते म्हणतात सारे. मंग हे काऊन नाई सुचत? देणारा परत घेत नाई. पण भाच्यानं आपली वस्तू राखायले देली, तर मामाले नाई म्हणता येते का?"

मी थोडा वेळ विचार केला. बंदूक ठेवायला लागणारं कुलपाचं लोखंडी कपाट मी सांगून ठेवलं होतं, पण भिंतीत अजून बसलेलं नव्हतं. म्हणजे जे मी बोलणार होतो ते खरं होतं. मी जाऊन मामांच्या उशाशी उभा राहिलो आणि हात जोडले.

"मामा, माझ्या घरी कपाट तयार नाही. माझी वस्तू आहे. तोवर तुम्ही राखता का?"

भिंतीकडे तोंड असतानाच ते म्हणाले, "राखायले?"

"राखायले."

"राखणदाराले मजुरी द्या लागते."

मामी आतून ओरडली, "भाच्याकडून मजुरी घेता? नरकात जागा पाहून ठेवली का?"

मामा हसले. हसताना खोकला आला, मी पाणी आणायला उठलो, पण तोवर मामी तांब्या घेऊन आली होती.

दोन दिवसांनी मामांनी बंदूक सोडवली. नळीत गज फिरवला, तेलाचा बोळा फिरवला, तपासणीला नेली, लिहून दिलं. लिहून देताना ते काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हतो. मामीनं फोनवर एवढंच सांगितलं की रोज सकाळी फडक्यानं पुसतात आणि कोणी विचारलं तर म्हणतात, भाच्याची हाय.

हेच शेवटी माझ्या काळजीचं कारण झालं. ना-हरकत आली, परवानगी आली आणि बंदूक देण्याचा दिवस ठरला. मामांनी ठाण्यात ठाणेदारांसमोर जबाब द्यायचा आणि बंदूक माझ्या हवाली करायची. भाड्याच्या गाडीत मामा, मामी आणि मी. मामांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली बंदूक, बाजूला परवाना. ते जर तिथे म्हणाले की मी ही दसऱ्यालाच दिली, तर कागदावर तसं येणार होतं की परवाना नसलेल्या माणसाला बंदूक देऊन झाली. मग सगळंच अडलं असतं.

मी हे त्यांना गाडीत सांगितलं.

"मंग खोटं बोलू?"

"नाही. मी तुम्हाला खोटं बोला असं म्हणणार नाही."

"मंग काय सांगू?"

मी मामीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. तिनं या वेळी काही सुचवलं नाही.

ठाण्यात ठाणेदारांनी मामांना खुर्ची दिली. बंदुकीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, माझे कागद पाहिले. मग जबाबाचा कागद मुंशीपुढे सरकवून विचारलं, "दादाजी, अपनी मर्ज़ी से दे रहे हो ना? किसी का दबाव तो नहीं?"

मुंशीनं पेन टेकवून ठेवलं होतं. ठाणेदारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. दबाव कोणाचा असेल तर तो माझाच असणार. मी भिंतीकडे पाहू लागलो.

"हव, मर्ज़ी मेरी है," मामा म्हणाले. मधे दम घेतला. "मेरी बड़ी बहन की शादी हुई, तब मैं छोटा था. बाप ने जो दिया सो दिया. मैंने कुछ नहीं दिया. फिर ज़मीन मेरे नाम हुई, तब भी उसने कुछ नहीं मांगा. ये उसका लड़का है." पुन्हा थांबले. "आज दे रहा हूं."

ठाणेदार मुंशीला म्हणाले, "लिखो, स्वेच्छा से, उपहार स्वरूप." मुंशीनं लिहिलं, वाचून दाखवलं, मामांनी सही केली. मग ते उठले, दोन्ही हातांनी बंदूक माझ्या हातात दिली. मी सही केली. त्या 'आज'साठी मामांनी काय सोडून दिलं होतं, ते तिथे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. दसऱ्याचं देणं त्यांनी स्वतःच्या तोंडानं मोडलं होतं, चार गाववाल्यांसमोर केलेलं.

बाहेर ऊन होतं. मामा पायऱ्या उतरून आले आणि कडुनिंबाच्या सावलीत थांबले. ओठ कोरडे पडले होते. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी बंदूक डाव्या काखेत धरून बाटली काढली, झाकण उघडून पुढे केली.

मामांनी हात आडवा केला.

"नको. आज तुले देऊन राहिलो ना. आजच्या दिवस तुह्या हातचं पाणी चालत नाई."

लेक दिली त्या घरचं पाणी न पिणारे बाप आमच्या भागात अजून आहेत. मी त्यांना जुन्या वळणाची माणसं म्हणत आलो. मी बाटली पिशवीत ठेवून बंदूक पुन्हा दोन्ही हातांत घेतली. मामीनं त्यांना आवाराच्या कोपऱ्यातल्या हापशाकडे नेलं. ती दोन्ही हातांनी दांडा हापसत होती, पाणी यायला वेळ लागत होता आणि ते ओंजळ धरून वाकून उभे होते. मला तिला मदत करता आली नाही. माझे हात मोकळे नव्हते.