अण्णांची सही

माझे वडील हवामानाच्या वेधशाळेत निरीक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बेंगळूरला हेब्बाळच्या आमच्या घरामागे लाकडी फटींची एक पांढरी पेटी उभी केली, आत तापमापक टांगला आणि रोज सकाळ-दुपार वहीत आकडा लिहायला लागले. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत, आम्हीही. त्यांचा नियम एकच होता: आकडा ज्याने पाहिला त्यानेच लिहायचा. कुणी सांगितला म्हणून लिहायचा नाही. गावाला गेले तर तेवढे दिवस वहीत आडवी रेघ असे. आई गमतीने म्हणायची, बायकोवर नाही एवढा भरवसा त्या काचेच्या नळीवर.

नव्वदच्या दशकात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. आई तेव्हा नव्हती. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याला डॉक्टर थांबा म्हणाले. त्या काही महिन्यांत तापमापक मी बघायचे आणि वहीत मीच लिहायचे. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण इतक्या महिन्यांची रेघ त्याहून नको होती. त्यांची पत्रंही मीच वाचून दाखवत असे. सही करायची तर त्यांचं बोट धरून कागदावर जागा दाखवायची.

मी तेव्हा एका जनसंपर्क कंपनीत नवीन होते, अजून कायम झाले नव्हते. आमचं मोठं गिऱ्हाईक कोळसा आणि विजेच्या धंद्यातलं होतं. पृथ्वी तापते आहे, कोळसा आणि तेल जाळणं कमी करा, अशी चर्चा परदेशात जोरात सुरू होती. गिऱ्हाइकाचे परदेशी सल्लागार आम्हाला फॅक्सने पानंच्या पानं पाठवत. त्यातून आम्ही लेख, भाषणं, शाळांसाठी पुस्तिका तयार करायचो. छापून आलेला मजकूर कापून फाइलीत चिकटवायचा आणि किती सेंटिमीटर आला ते पट्टीने मोजून कळवायचं, हे काम माझ्याकडे होतं.

आमचे साहेब हुशार होते. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "मॅडम, आपल्याला काहीही सिद्ध करायचं नाही. शास्त्रज्ञांचं एकमत नाही, एवढंच लोकांच्या कानावर पडत राहिलं पाहिजे. ज्याची खात्री नाही त्यासाठी कोण गैरसोय सोसेल?" इथल्यासाठी त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं होतं: श्रीमंत देशांनी पोटभर जाळलं आणि आता आपल्याला अंधारात बसायला सांगतात. बेंगळूरमध्ये रोज वीज जात होती. हे वाक्य पटायला मेहनत लागत नव्हती. त्यात खोटंही काही नव्हतं. तेच तर त्याचं बळ होतं.

आणि वाचकांची पत्रं. ती आम्ही लिहायचो आणि सही कुणा निवृत्त माणसाची घ्यायचो. शिक्षक, इंजिनिअर, बँक मॅनेजर. कंपनीचं नाव कुठेच नाही. एकदा कॉफी पिताना माझ्या तोंडून गेलं की माझे वडील हवामानाचे निरीक्षक होते. साहेबांनी कप खाली ठेवला.

पत्र दुसऱ्याच दिवशी तयार झालं. इंग्रजीत, तीन परिच्छेद. पहिला विजेच्या टंचाईबद्दल, तिसरा श्रीमंत देशांच्या दुटप्पीपणाबद्दल. मधला असा: मी आयुष्यभर तापमान मोजत आलो आहे, चढउतार नेहमीच होते, काळजी करण्यासारखं काही मला दिसलेलं नाही.

मी अण्णांना पहिला परिच्छेद वाचून दाखवला आणि तिसरा वाचून दाखवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कुणी लिहिलंय?"

"ऑफिसात. तुमच्या नावाने छापू का?"

"छापा की. खरंच आहे ते." मी बोट धरून जागा दाखवली. त्यांनी सही केली.

पत्र छापून आलं त्या सकाळी शेजारचे काका पेपर फडकवतच आले. काकांचं घराणंही आमच्यासारखंच, कित्येक पिढ्या इथेच मुरलेलं मराठी. अण्णांना रोजचा पेपर तेच वाचून दाखवत.

"अण्णा, पार्टी द्या! तुमचं नाव आलंय, हुद्द्यासकट!" त्यांनी पत्र सुरुवातीपासून मोठ्याने वाचायला घेतलं. मी आत कॉफी गाळत होते. मधला परिच्छेद संपला तसे अण्णा म्हणाले, "स्वल्प थांबा. ते परत वाचा."

काकांनी परत वाचलं.

ते गेल्यावर अण्णांनी मला हाक मारली. "हे तू मला वाचून दाखवलं होतंस?"

"नाही."

"का?"

"तुम्ही सही केली नसतीत."

"सरी," ते कानडीत म्हणाले, ठीक आहे अशा अर्थाने. समोरची कॉफी पिऊन झाल्यावर म्हणाले, "कागद घे. एका पेटीवरून जगाचं सांगता येत नाही. पण माझ्या पेटीवरून 'काही नाही' असंही कुणाला सांगता येत नाही. एवढं लिही. आणि तो परिच्छेद माझा नाही, असं लिही." लिहून झाल्यावर त्यांनी ते माझ्याकडून नाही, काकांकडून वाचून घेतलं आणि मग सही केली.

ते पत्र मी स्वतः पेपरच्या कचेरीत नेऊन दिलं. छापलं नाही. फोन केला तर तिथले गृहस्थ शांतपणे म्हणाले, एकाच वाचकाचं पत्र आम्ही इतक्या लवकर पुन्हा घेत नाही. नियम आहे.

साहेबांनाही सांगितलं. शाळांच्या पुस्तिकेत अण्णांचं पत्र चौकटीत घेतलं होतं आणि पुस्तिका यशवंतपूरच्या छापखान्यात गेली होती. "आता ते आपलं कुठे राहिलं? पेपरात आलेलं आहे," साहेब म्हणाले. "आणि मॅडम, सही खोटी आहे का?"

सही खोटी नव्हती. पुस्तिका शाळाशाळांत गेली. महिनाअखेरीस मी कायम झाले. नोकरी मी सोडली नाही. पुढे बरीच वर्षं तिथेच होते. मी सोडली असती तरी पट्टी दुसऱ्या कुणीतरी हातात घेतली असती, असं मी स्वतःला सांगत असे. ते खरंही आहे आणि त्याचा काही उपयोगही नाही.

अण्णा मात्र भेटेल त्याला सांगत राहिले. दुधाच्या बूथवर, बसथांब्यावर, देवळाच्या पायरीवर. लोक ऐकून घेत. हेब्बाळच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात खूप मागे गेलं तेव्हा काकांच्या ओसरीवर चारचौघांत विषय निघाला. काका म्हणाले, "घाबरू नका हो. आपले अण्णाच म्हणालेत, असं नेहमीच होतं."

"मी म्हणालो नाही," अण्णा म्हणाले. "दुसरं पत्र तुम्हीच मला वाचून दाखवलंत ना?"

"हो, पण ते कुठे छापलं?" काका हसले. "अण्णा, पेपरात आहे ते आहे. आता वय झालं, माणूस बोललेलं विसरतो स्वल्प." बाकीचेही हसले. काका वाईट नव्हते. अण्णांवर त्यांचा जीव होता. त्यांना फक्त छापलेलं जास्त खरं वाटत होतं, आणि जास्त सोयीचं.

त्यानंतर अण्णांनी तो विषय काढला नाही. पुढे दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, त्यांना दिसू लागलं आणि वही त्यांनी परत स्वतःकडे घेतली. माझ्याशी ते पहिल्यासारखेच बोलत. ते मला पुरेसं वाटलं.

ते गेल्यावर मी वह्या आवरायला काढल्या. मोतीबिंदूच्या त्या महिन्यांची पानं माझ्या अक्षरातली आहेत. तेव्हाचा एकेक आकडा मी डोळे फोडून बघितला होता, दशांशासकट. त्यात एकही चूक नव्हती, हे मी आजही सांगेन. त्या पानांच्या समासात अण्णांनी वरपासून खालपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढली आहे आणि बाजूला लहान अक्षरात लिहिलं आहे: दुसऱ्याच्या हातचे आकडे. मोजणीत धरू नयेत.