गुरुवारची टर्की

टर्की हा पक्षी मी पहिल्यांदा पाहिला तो प्लॅस्टिकच्या टबात, साफ करून आणलेला. आमचे हे पिंपळगाव बसवंतहून तो घेऊन आले होते. तिथल्या एका द्राक्षवाल्याने हौसेने टर्क्या पाळल्या आहेत. टब स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायला गेले तशी आई केवढ्यांदा ओरडली, "आत नको! आधी अंगणात न्या ते!" तिथून जो गोंधळ सुरू झाला, तो आठवला की मला आधी हसू येतं आणि मग फार वाईट वाटतं.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो, एकटाच. लग्नाचा विषय काढला की नेमकं त्याचं नेटवर्क जातं. तिकडे नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी आभार मानायचा सण असतो, सगळं बंद असतं, घरोघरी माणसं जमतात आणि टर्की खातात, असं त्याने कधीतरी फोनवर सांगितलं होतं. "आणि तू रे?" आईने विचारलं. "मीपण खातो ना, मित्राकडे." झालं. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी आईचा फोन ठरलेला, "जेवलास का टर्की?" तो हो म्हणायचा आणि आईचा जीव भांड्यात पडायचा. सणाच्या दिवशी आपलं पोर चार माणसांत बसून जेवलं, एवढंच तिला हवं असायचं.

गेल्या वर्षी तो नेमका त्याच आठवड्यात नाशिकला आला. ऑफिसच्या कामाला जोडून काढलेली धावती सुट्टी. गुरुवारी संध्याकाळी जेवून विमानासाठी मुंबईला निघायचं, असं ठरलेलं. आणि तोच गुरुवार मार्गशीर्षातला पहिला.

ज्यांच्या घरी हे गुरुवार असतात त्यांना पुढचं सांगायला नको. घट मांडायचा, दिवसभर उपास, संध्याकाळी आरती आणि पुरणाचा नैवेद्य. त्या दिवशी घरात अंडंसुद्धा चालत नाही. आई लग्नापासून हे व्रत करते आहे. आणि तीच बाई मला म्हणाली, "टर्की गुरुवारीच करायची."

मी डोक्याला हात लावला. "अगं, बुधवारी करू. सुटला प्रश्न."

"सण गुरुवारचा असतो ना त्यांचा? मग बुधवारी कसा करायचा? आपण घट बुधवारी मांडतो का?"

ज्या बाईने आयुष्यभर वार पाळला, तिला दुसऱ्याचा वारही तेवढाच पाळावासा वाटला. त्याचा सण आपल्यामुळे बुडाला असं व्हायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. भावाला मात्र यातलं काही सांगायचं नाही, अशी तिची ताकीद होती. तो दुपारी मित्रांना भेटायला गेला आणि आम्ही कामाला लागलो.

आमच्याकडे ओव्हन नाही, आणि तो पक्षी कुठल्या कुकरात मावणारा नव्हता. अंगणात तीन विटांची चूल मांडली. द्राक्षवाल्याने जळणाला बागेच्या छाटणीच्या काड्या दिल्या होत्या आणि यांना बजावलं होतं, "साहेब, कोंबडी समजू नका. शिजायला लय येळ लागतो हिला." आई पूजेची, म्हणून ती उंबऱ्याच्या आत उभी राहून मला हुकूम सोडत होती. कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाज, मसाला जपून टाक, पाणी गरमच घाल. पदर नाकाला लावलेला आणि डोळे पातेल्यात. चव बघायला तिला उपास, आणि मी लहानपणापासून मटण-कोंबडी खात नाही. राहिले आमचे दादा, म्हणजे वडील. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्म गेला, कँटीनचं जेवण जेवून जेवून त्यांना सगळंच आवडतं. ते वाटीभर रस्सा प्यायले आणि म्हणाले, "एकदम फर्स्टक्लास." करपलं असतं तरी तेच म्हणाले असते.

भाऊ परतला तो थेट आरतीला. आरती झाल्यावर नैवेद्याच्या ताटाकडे बघून म्हणाला, "आई, पुरणपोळी! किती वर्षांनी." आई हसली. "तुझं ताट बाहेर आहे. तुझा सण आहे ना आज."

अंगणात सतरंजी घातली होती. दादा, हे आणि भाऊ जेवायला बसले, मी वाढत होते. पातेल्यावरचं झाकण काढलं तसा भाऊ पुढे वाकून आत बघायला लागला. पहिला तुकडा उचलून नाकाशी नेला, थोडा चाखला आणि दारात उभ्या असलेल्या आईकडे बघून म्हणाला, "मस्त झालीय गं आई." मग पुन्हा वाढून घेतलं. मांस जरा कोरडंच झालं होतं, हे मला यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. भाऊ भाकरी रश्शात बुडवून निमूट जेवत राहिला.

आई मग आत जाऊन घटासमोर एकटीच पाटावर बसून उपास सोडायला लागली. मध्येच भावाने विचारलं, "एक पोळी दे ना."

"आता हे खाल्ल्यावर प्रसाद कसा देऊ बाळा? डब्यात बांधून देते. उद्या अंघोळ करून खा."

निघताना तो पाया पडायला वाकला, तर आईने सवयीने पाय मागे घेतले. मग तिचं तिलाच कसंतरी झालं असावं. घाईघाईने तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तोवर ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती.

शुक्रवारी सकाळी मी उरलेली टर्की गरम केली. आईने भाकरीबरोबर थोडी खाल्ली आणि हात तसाच ताटात ठेवून बसली.

"त्याने ही कधी खाल्लेली नाही गं," ती म्हणाली.

"काहीतरीच काय. दर वर्षी खातो की."

"नाही. पुढ्यात नवीन काही आलं की तो आधी वास घेतो, मग जिभेचं टोक लावतो, मग माझ्याकडे बघतो. पोटचं पोर आहे, मला कळत नाही का? काल तसंच बघितलं त्याने."

मला त्याने नाकाशी नेलेला तो पहिला तुकडा आठवला.

"म्हणजे त्या दिवशी तो घरात एकटाच असतो," आई म्हणाली. "इतकी वर्षं." मग बराच वेळ ती भाकरीचा तुकडा नुसता चिवडत राहिली. "काल तर इथे होता. कालही मी त्याला माझ्याजवळ बसवलं नाही."