साडेचारची गाडी

यंदाही महिला दिनाचा कार्यक्रम माझ्याच गळ्यात पडला आहे. प्राचार्यांनी फाइल पुढं सरकवली आणि म्हणाले, "तुमच्या हातचा कार्यक्रम म्हणजे काळजी नाही." मी विचारलं, "सर, संपवायचा किती वाजता?" ते हसले. "अहो, आधी सुरू तर करा!" मला हसू आलं नाही. घरी आल्यापासून एका जागी बसवत नाहीये. चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा गार झाला.

तीन वर्षांपूर्वी मी दौंडच्या या कॉलेजात नवी होते. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. अशा माणसाला कुठल्याही कामाला नाही म्हणता येत नाही. विद्यार्थिनी मंचाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी मनापासून खूश झाले होते हेही खरं. स्त्रीवाद शिकवायचा तर तो फळ्यावर नाही, माणसांत शिकवावा, असली वाक्यं मी तेव्हा फार बोलायची. विषयही मीच ठरवला होता, 'स्त्री आणि स्वातंत्र्य'.

एकच अडचण होती. आदल्या वर्षी पाहुण्यांचं भाषण सुरू होताच अर्ध्या मुली मागच्या दारानं पसार झाल्या होत्या आणि कॉलेजच्या सरकारी मूल्यमापनाच्या फाइलीत रिकाम्या खुर्च्यांचा फोटो गेला होता. प्राचार्यांनी मला तो फोटो दाखवला. मी काय समजायचं ते समजले. कार्यक्रमाच्या दिवशी शिपाई मामांना सांगितलं, "मामा, फोटो होईपर्यंत दाराला बाहेरून कडी घाला." मामांनी माझ्याकडं जरा पाहिलं. "घालतो की," म्हणाले. विषय स्वातंत्र्य आणि दाराला कडी. हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

जिच्यामुळं हे सगळं आठवतंय, ती मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. गाव पाटसच्या आत, कालव्याकडेला. बोलायला अशी खमकी की वर्गात तिनं हात वर केला की मी खडू खाली ठेवायची. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी ती माझ्याकडं आली.

"मॅडम, मला आभार नका देऊ. सुरुवातीचं द्या कायबी. स्वागत द्या, न्हाईतर सूत्रसंचालन द्या."

"का गं? आभाराला कमीपणा आहे का?"

"कमीपणा न्हाई मॅडम. आभार शेवटी असत्यात. माझी गाडी साडेचारची हाय."

"दीडला कार्यक्रम आहे, साडेतीनला सगळं उरकेल," मी म्हणाले. मला वाटलं, पोरीला पुढं पुढं करायचंय. आणि खरं सांगायचं तर शेवटी कुणीतरी चांगलं बोलणारं हवं होतं, म्हणजे कार्यक्रम पडत नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, "साडेपाचच्या आत घरी, या अटीवरच कॉलेज चालू हाय माझं. एक दिवस चुकलं तरी बंद." मी मान डोलावली. ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

मला तर हे सांगावंसुद्धा लागायला नको होतं. मी स्वतः शिरूरच्या कॉलेजला एसटीनं येऊन-जाऊन शिकले. शेवटचा तास सुरू असताना स्टँडवरच्या गाडीचा आवाज ओळखू यायचा, पाय बाकाखाली आपोआप हलायला लागायचे. पण खुर्चीत बसलं की माणूस बाक विसरतो, हेच खरं.

प्रमुख पाहुण्या होत्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांच्या पत्नी. दीडच्या त्या तीन वाजून वीस मिनिटांनी आल्या आणि सोबत पुढारी स्वतः आले. दीडपासून पावणेदोनशे मुली पत्र्याच्या हॉलमध्ये मार्चच्या उन्हात बसलेल्या. मग सत्कार. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. मग पुढारी माईकपाशी उभे राहिले. आमंत्रण पत्नीला होतं, पण बोलणार हे, असं आमच्याकडं कुणाला वेगळं वाटत नाही. "आज नारी कुठंच मागं नाही," इथून ते सुरू झाले आणि चौथ्या रांगेत बसलेल्या त्या मुलीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पावणेचार.

त्यानंतर मी भाषण ऐकलंच नाही, तिलाच पाहत राहिले. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. चार झाले. चार वाजून दहा मिनिटांनी पुढारी बसले. मग बाईंना बोलायचा आग्रह झाला. त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मला भाषण येत न्हाई. पोरी लई वेळ बसल्यात. त्यांना घरला जाऊ द्या." टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई किती साध्या, असं सगळ्यांना वाटलं. त्या दिवसात खरं तेवढंच बोललं गेलं होतं आणि आम्ही टाळ्या वाजवून ते उडवून लावलं. त्यानंतर प्राचार्यांचं अध्यक्षीय भाषण सुरू झालं.

सव्वाचारला ती उठली आणि दाराकडं गेली. दार ढकललं. उघडलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हातानं खूण केली, बस, दोनच मिनिटं. मी उठून मामांना हाक मारू शकत होते. दहा पावलांचं अंतर होतं. पण प्राचार्य बोलत होते, पुढची रांग माझ्याकडं बघत होती आणि जून दूर नव्हता. मी बसून राहिले. याची मला आजही लाज वाटते.

तिला माईक मिळाला तेव्हा साडेचार होऊन गेले होते. तिनं मी लिहून दिलेला कागद वाचला. अध्यक्ष, पाहुणे, प्राध्यापक, शिपाई, मंडपवाले, सगळ्यांचे आभार. मग कागदाची घडी घातली आणि शांतपणे म्हणाली, "आन् शेवटी साडेचारच्या गाडीच्या ड्रायव्हर काकांचे आभार. आजच्या दिवसात तेवढं एकच वेळेवर झालं." सगळा हॉल खदखदून हसला. पुढारीही हसले. फोटो निघाला.

मी तिला स्कूटीवर घातलं. "पाटसला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथं गाठू," म्हणाले. ऊसतोडीचा हंगाम उताराला लागला होता तरी रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर होतेच. एकाला मागं टाकावं तर पुढं दुसरा. मी हॉर्न वाजवत होते, शिव्याही देत होते, बहुतेक स्वतःलाच. ती मागून म्हणाली, "मॅडम, हळू चालवा. आता पळून काय उपेग न्हाई." पाटसच्या स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी निघून वीस-पंचवीस मिनिटं झाली होती. तसंच स्कूटीवरून पुढं तिच्या गावाकडं निघालो.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. वडील ओट्यावर उभे होते. आवाज चढवला नाही, मला बसायला खुर्ची दिली, तिला चहा टाकायला सांगितलं. मी म्हणाले, "चूक माझी आहे. मीच थांबवलं तिला."

"तुमची कशाची चूक मॅडम? तुमचा कार्यक्रम होता. आम्ही तिला आधीच सांगितलं होतं. इथं भावकी बसलीय डोळं लावून. लग्नाच्या पोरीचं नाव एकदा निघालं की निघालं."

मी विचारलं, "तिच्या आई कुठं आहेत?"

"कंपनीत. कुरकुंभला. औषधाच्या पॅकिंगला. सेकंड शिफ्ट हाय."

"मग त्या रात्री अकरानंतरच येत असतील ना? त्यांना कुणी काही म्हणत नाही?"

त्यांना राग आला नाही. उलट मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "कंपनीची गाडी दारात सोडती, मॅडम. तुमच्या कॉलेजची सोडती का?"

पाच वर्षं शिकून आणि तीन परिसंवादांत निबंध वाचून मी फक्त चहाचा कप तोंडाला लावला. चहा फार गोड होता. ती दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी आणखी काहीतरी बोलेन, अशी तिला आशा असावी. मी कप खाली ठेवला आणि "येते" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी अहवाल लिहिला, 'कार्यक्रम उत्साहात पार पडला, विद्यार्थिनींची उपस्थिती लक्षणीय होती.' प्राचार्य खूश झाले. तिच्या घरी जायचं रोज ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. प्रात्यक्षिकं निघाली, पेपर निघाले. शेवटी गेले तेव्हा तीन आठवडे उलटले होते. घराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, "पोरगी व्हय? ती लागली की कामाला."

जूनमध्ये माझा अर्ज मंजूर झाला.

त्यानंतरच्या दिवाळीच्या आसपास मी बार्शीच्या गाडीसाठी पाटसच्या चौकात उभी होते. दुपारचे अडीच वाजत आलेले. शिफ्टला जाणाऱ्या बायकांचा घोळका कडेला थांबला होता, हातात डबे, गळ्यात कंपनीची कार्डं. त्यातून ती माझ्याकडं धावत आली. अंगानं भरली होती, केस घट्ट बांधलेले.

"मॅडम! किती बारीक झालात!"

परीक्षा, फॉर्म, बाहेरून बसता येतं, मी फी बघते, असलं काहीबाही मी एका दमात बोलून गेले. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मी पूर्वी तिचं ऐकायची त्यापेक्षा चांगलं ऐकलं.

"बघू मॅडम," ती म्हणाली. मग हसून म्हणाली, अगदी साधेपणानं, टोमणा मारल्यासारखं नाही, "आता एक बरं हाय. मला कितीबी उशीर झाला तरी घरी कुणी काय म्हणत न्हाई."

तेवढ्यात कंपनीची गाडी आली, बरोबर अडीचला. ती चढली, खिडकीतून हात केला. मी हात वर केला आणि गाडी वळेपर्यंत तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही.